आर्मेचर चाचणी

आर्मेचर चाचणी म्हणजे विद्युत चलित्र (मोटार) किंवा जनित्र यांच्या आर्मेचरमधील विद्युत दोष शोधण्याची प्रक्रिया होय. यंत्राच्या ज्या गुंडाळीत विद्युतदाब प्रवर्तित होतो, त्या गुंडाळीसह तिच्या लोखंडी गाभ्याला आर्मेचर म्हणतात. एकदिश प्रवाहाच्या यंत्रांत, तसेच मिक्सर व हातड्रिल यांसारख्या उपकरणांत आर्मेचर फिरते असते. मोठ्या प्रत्यावर्ती जनित्रांत मात्र ते स्थिर असते. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्रात १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू केलेली जनित्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दोषांचे प्रकार

आर्मेचरमध्ये मुख्यतः तीन दोष आढळतात.

* भूदोष: निरोधन खराब होऊन तांब्याच्या तारेचा गाभ्याशी संपर्क येतो. कारागीर यास ‘बॉडी शॉर्ट’ म्हणतात. यंत्राचे अर्थिंग सदोष असल्यास कवचाला स्पर्श करणाऱ्यास विजेचा धक्का बसू शकतो.
* लघुपरिपथ: एकाच वेटोळ्याचे वेढे किंवा शेजारची वेटोळी परस्परांना चिकटतात. त्या भागात मोठा प्रवाह वाहून गुंडाळी तापते व अखेर जळते.
* खंडित मंडल: तार तुटते किंवा कॉम्युटेटरवरील डाग सुटतो. कार्बन ब्रशजवळ मोठ्या ठिणग्या उडतात आणि कॉम्युटेटरच्या लगतच्या पट्ट्या काळ्या पडतात.

चाचणी पद्धती

भूदोषासाठी मेगर वापरतात. कमी दाबाच्या यंत्रांत सामान्यतः ५०० व्होल्ट एकदिश दाब देऊन गुंडाळी व आस यांमधील रोध मेगओहममध्ये मोजतात.

लघुपरिपथ शोधण्यासाठी ग्रोलर हे उपकरण उपयोगी पडते. हा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारा विद्युतचुंबक असतो. त्यावर आर्मेचर ठेवून हळूहळू फिरवतात आणि खाचांवर हॅकसॉचे पाते धरतात. सदोष वेटोळ्यात प्रवाह प्रवर्तित होऊन त्याच्या खाचेवर पाते थरथरते. समकारक जोडण्या असलेल्या आर्मेचरमध्ये मात्र ही खूण फसवी ठरू शकते.

तिसऱ्या पद्धतीत आर्मेचरमधून अल्प एकदिश प्रवाह सोडून कॉम्युटेटरच्या लगतच्या पट्ट्यांमधील दाब मिलिव्होल्टमध्ये मोजतात. सर्व वाचने जवळपास सारखी असल्यास गुंडाळी निर्दोष समजतात. एखादे वाचन बरेच कमी असल्यास लघुपरिपथ, तर बरेच जास्त असल्यास तुटलेली तार किंवा सैल जोड संभवतो.

दमट हवेतील निदान

बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. समुद्र जवळ असल्याने हवा दमट व क्षारयुक्त असते. पावसाळ्यात आर्द्रता आणखी वाढते. बंद पडून राहिलेल्या यंत्राची गुंडाळी ओलावा शोषते. क्षार, धूळ व ब्रशची कार्बन भुकटी यांच्या थरातूनही प्रवाह झिरपतो. त्यामुळे मेगरचे वाचन घसरते. पण तेवढ्यावरून गुंडाळी निकामी झाली असे ठरत नाही.

अशा वेळी आर्मेचर स्वच्छ करून मंद उष्णतेने वाळवतात. तापमान वाढले की निरोधनाचा रोध घटतो. म्हणून वाळवताना वाचन प्रथम उतरते आणि ओलावा निघून गेल्यावर चढू लागते. आरंभीची ही घट दोष समजू नये. वाचन चढून स्थिरावल्यास रिवाइंडिंगचा खर्च व यंत्र बंद राहण्याचा काळ वाचतो. वाळवल्यानंतरही ते शून्याजवळच राहिल्यास भूदोष असण्याची शक्यता अधिक असते. मोठ्या यंत्रांत दहाव्या व पहिल्या मिनिटाच्या वाचनांचे गुणोत्तर काढतात. यास ध्रुवीकरण निर्देशांक म्हणतात. तो १ च्या आसपास असणे हे ओलाव्याचे किंवा मळाचे लक्षण मानले जाते.

तुलनेसाठी प्रत्येक वाचनासोबत दिनांक व गुंडाळीचे तापमान नोंदवणे आवश्यक असते. एकाच वाचनापेक्षा अनेक महिन्यांच्या नोंदींतून निरोधनाचा ऱ्हास अधिक स्पष्टपणे कळतो.

सुरक्षितता

चाचणीपूर्वी वीजपुरवठा तोडून मुख्य स्विचला कुलूप लावतात. जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे वेगळी करतात. अन्यथा मेगरच्या दाबाने ती बिघडू शकतात. चाचणीनंतर गुंडाळीत साठलेला विद्युतभार जमिनीत सोडल्याखेरीज तिला स्पर्श करत नाहीत.