फू, शी आणि सीमेवरचा म्हातारा : चिनी भाषेतील सौभाग्याचे शब्द

फू : वेदीपुढचे पात्र

सौभाग्यासाठी चिनी भाषेत फार जुना आणि मुख्य शब्द ‘फू’. त्याच्या अक्षराचा डावा भाग देव, पूजा, नैवेद्य यांच्याशी संबंधित अनेक अक्षरांत आढळतो. उजवा भाग उच्चार सुचवतो. त्याचे प्राचीन रूप मात्र भरलेल्या पात्राचे आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, भविष्य जाणण्यासाठी हाडांवर लेख कोरत. त्यांत या अक्षराच्या जागी वेदीपुढे दोन हातांनी धरलेले मद्यपात्र दिसते. म्हणजे फू हे देवपितरांना अर्पण करून त्यांच्याकडून मिळवायचे दान होते.

‘शू-चिंग’ या प्राचीन ग्रंथात पाच फू मोजले आहेत : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य व स्वस्थता, सदाचाराची आवड आणि आयुष्य पूर्ण करून आलेला मृत्यू. चांगल्या मरणाला या यादीत स्थान आहे, आनंदाला नाही, संततीलाही नाही. ‘मुले अधिक तितके फू अधिक’ ही म्हण लोकव्यवहारात रुजली, ती या यादीबाहेरची.

बौद्ध ग्रंथांच्या अनुवादकांनी संस्कृत ‘पुण्य’ या शब्दासाठी फू वापरला. ‘पुण्यक्षेत्र’ याचे त्यांनी ‘फू-थ्येन’, म्हणजे फूचे शेत, असे रूपांतर केले. मराठीत पुण्यक्षेत्र म्हटले की तीर्थस्थान आठवते. दान पेरून पुण्य उगवण्याची जमीन हा बौद्ध अर्थ चिनी शब्दात अधिक स्पष्ट राहिला आहे.

शी आणि ल : प्रसंगाचा आनंद, संगीताचा आनंद

‘शी’ या अक्षरात वर ढोल आणि खाली तोंड आहे. हा वाजतगाजत साजरा करण्याचा, शुभकार्याचा आनंद. गर्भवती स्त्रीला ‘शी आहे’ असे म्हणतात. लग्नघरी लाल कागदावर दोन शी जोडून चिकटवतात. हे जोडअक्षर एरवीच्या लेखनात फारसे येत नाही. ते चिन्ह म्हणूनच वावरते. दोन्ही बाजू सारख्या असल्याने कागदाची घडी घालून ते कापता येते. सुंग काळातील मंत्री वांग आन-श याच्या लग्नादिवशीच परीक्षेतील यशाची वार्ता आली आणि त्याने दोन शी लिहिले, ही त्यामागची आख्यायिका.

‘ल’ म्हणजे आनंद; हेच अक्षर ‘युए’ असे वाचले की अर्थ होतो संगीत.

समान उच्चारांचे शकुन

उत्तरेकडील प्रमाण चिनी भाषेत सूर वगळता सुमारे चारशेच वेगळी अक्षरोच्चारणे आहेत. सूर धरले तरी ती साधारण तेराशे होतात. त्यामुळे समोच्चारी शब्द विपुल. मराठीत श्लेष हा अलंकार. चीनमध्ये तो विधीचा भाग झाला आहे. ‘उलटा’ आणि ‘आला’ हे दोन्ही शब्द ‘ताओ’ असेच उच्चारले जातात, म्हणून नववर्षाला दारावर फू उलटा लावतात : फू उलटा झाला म्हणजेच फू आला. वटवाघळाच्या नावातही फू हाच ध्वनी असल्याने पाच वटवाघळे म्हणजे वर सांगितलेले पाच फू. जुन्या भांड्यांवर आणि वस्त्रांवर ती सतत भेटतात. मासा आणि ‘शिल्लक’ या दोहोंचा उच्चार ‘यू’, म्हणून नववर्षाच्या पूर्वसंध्येचा मासा काही घरांत पूर्ण संपवत नाहीत.

जुळणी तंतोतंत असावी लागतेच असे नाही. आठ म्हणजे ‘पा’. समृद्ध होणे म्हणजे ‘फा’. एवढ्या यमकावर बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन 8 ऑगस्ट 2008 रोजी रात्री 8 वाजता ठरले. चार आणि मृत्यू या शब्दांचा सूर वेगळा आहे, तरी अनेक इमारतींत चौथ्या मजल्याचा क्रमांक गाळतात. भीतीला ढिली जुळणीही चालते.

चार अक्षरांत दडलेली कथा

चिनी वाक्प्रचार बहुधा चार अक्षरांचे, अभिजात भाषेच्या वळणाचे आणि अनेकदा एखाद्या कथेचा अर्क असतात. ‘सीमेवरचा म्हातारा, हरवलेला घोडा’ हा त्यांतील सर्वपरिचित. कथा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ‘ह्वाय-नान-त्स’ या ग्रंथातली. घोडा पळतो, तो उमदे घोडे घेऊन परततो. त्यांतल्या एकावरून पडून मुलाचा पाय मोडतो. पुढे युद्ध पेटते आणि लंगडा मुलगा सैन्यभरतीतून वाचतो. नोकरी गेलेल्याला मित्र ही चार अक्षरेच ऐकवतो. ‘हे फू नसेल कशावरून?’ हा उरलेला भाग ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा.

दुसरी म्हण अधिक कठोर आहे : फू जोडीने येत नाही, संकट एकटे येत नाही. लग्नाचा शी जोडीने येतो, हे लक्षात घेता दोन शब्दांतील अंतर उघड होते. ‘पुरे हे ज्याला कळते तो सदा आनंदी’ या तिसऱ्या वाक्प्रचारात ‘पुरे’ आणि ‘पाऊल’ यांना एकच अक्षर आहे. त्यात ‘कोळी’ या शब्दाचा उच्चार ‘पुरे कळणे’ याच्या जवळचा. त्यामुळे जेड दगडात कोरलेल्या पावलावर कोळी बसलेला दिसतो.

मर्यादा

शकुन ध्वनीवर उभे असल्याने प्रदेशागणिक बदलतात; आठ आणि समृद्धी यांचे उच्चार कँटनी बोलीत उत्तरेपेक्षाही जवळचे आहेत. अनुवादात तर ते उरतच नाहीत. अक्षरांची फोडही जपून करावी लागते. ‘संकट’ या अर्थाच्या ‘वेइ-ची’ या चिनी शब्दात धोका आणि संधी दोन्ही आहेत, असे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत सांगितले जाते. जॉन केनेडी यांनीही 1959 मध्ये ते सांगितले होते. प्रत्यक्षात ‘ची’चा येथील अर्थ निर्णायक क्षण एवढाच. संधी या अर्थासाठी त्याला दुसरे अक्षर जोडावे लागते.