ट्रक थांबला खाडीपलीकडे!

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळीच्या पुलाकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न घरात ऐकू येत असतात. वडील गोदामातून अजून परतलेले नसतात, आई भाकरी थापत असते आणि नववीतली मुलगी वही पुढ्यात घेऊन पेन्सिलीचे टोक चावत बसलेली असते. भौतिकशास्त्राचे उदाहरण अडलेले असते. ‘आई, हे कसं करायचं गं?’ बहुतेक घरांत याला ठरलेले उत्तर मिळते, ‘मला काय कळतंय त्यातलं? क्लासच्या सरांना विचार.’

उदाहरण तसे साधेच. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकला ब्रेक लावला. त्याचा वेग दर सेकंदाला, सेकंदास 2 मीटरने कमी होत गेला. तर ट्रक किती अंतरावर थांबेल? मुलीला सूत्र पाठ असते. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला मंदनाच्या दुपटीने भागायचे. 72 चा वर्ग 5184, भागिले 4. उत्तर 1296 मीटर. गाईडमध्ये मात्र उत्तर असते 100 मीटर! सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, भागाकारही बरोबर. मग चुकले कुठे?

इथे आईला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. तिने एवढेच विचारावे, ‘म्हणजे ट्रक कुठून कुठपर्यंत गेला गं?’ 1296 मीटर म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. ब्रेक दाबला कशेळीत आणि ट्रक थांबला खाडीपलीकडे! जन्मापासून ट्रक पाहिलेल्या मुलीला हसू आल्यावाचून राहणार नाही. मग ती स्वतःच पुन्हा वहीत पाहील. वेग दिला आहे ताशी किलोमीटरमध्ये आणि मंदन मीटर-सेकंदांत. दोन्ही एकाच मापात आणायला हवेत. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 20 चा वर्ग 400, भागिले 4. बरोबर 100 मीटर!

मदत म्हणजे उत्तर सांगणे नव्हे, हे आपण पालक विसरतो. डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्रात बालपणीची एक आठवण सांगितली आहे. बनारसच्या त्यांच्या घरी भिंतीवर फळा होता. घरी राहणारे मोरूमामा हुजुरबाजार त्यावर छोट्या जयंतसाठी एखादे कठीण गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळ्यावर तसेच राही. मामा गणितात पारंगत होते, वडील तर गणिताचे प्राध्यापक. तरीही उत्तर सांगण्याची घाई कोणी केली नाही. आपल्या घरी असा मामा नसेल, पण थांबणे तर आपल्या हाती आहे ना?

दुसरी अडचण भाषेची. मराठी शाळांतही आता सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ‘रिटार्डेशन’ हा शब्द पाहिला की आई वही मिटते. तोच शब्द ‘मंदन’ म्हणून वाचला, तर ‘मंद’ होण्याशी त्याचे नाते तिला लगेच कळते. 1974 साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. विज्ञानाची भाषा सोपी केली की मुलांची समजही वाढते, हे त्यांच्या कामातून दिसून आले. म्हणजे अडते ते पुष्कळदा डोके नव्हे, शब्द! बालभारतीची मराठी माध्यमाची पुस्तके आज मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. सेमीच्या पुस्तकाशेजारी ते पुस्तक उघडून बसावे. मायलेकींना दोघींनाही वाचता येईल.

राहता राहिला मोबाइल. आज गणिताचा फोटो काढला की क्षणात सगळ्या पायऱ्या समोर येतात. पूर्वी गाईडमधून उतरवीत, आता पडद्यावरून. साधन वाईट नाही. पण उतरवून घेतलेले गणित परीक्षेच्या हॉलमध्ये ओळख दाखवीत नाही, हा अनुभव दोन्ही पिढ्यांचा आहे. म्हणून आधी निदान पंधरा मिनिटे झुंज, मग मदत. आणि मदत घेतल्यावर वही मिटून तेच गणित पुन्हा एकदा स्वतः सोडवायचे.

या पंधरा मिनिटांत पालकांनी तीनच प्रश्न विचारावेत. काय दिले आहे? काय काढायचे आहे? आणि आलेले उत्तर खरे वाटते का? या प्रश्नांना ना पदवी लागते, ना क्लासची फी. तवा उतरता उतरताही ते विचारता येतात.

गोदामातून परतलेल्या वडिलांना त्या रात्री मुलगी विचारील, ‘बाबा, भरलेला ट्रक ब्रेक मारल्यावर किती लांब जातो हो?’ आणि ज्या विषयातले आपल्याला काही कळत नाही असे ते समजत होते, त्यावर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे बरेच निघेल.