राजा नको म्हणणारे भाविक

१ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दारी एक चीज आलं. वजन १,२३५ पौंड, म्हणजे सुमारे ५६० किलो. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावच्या शेतकऱ्यांनी गावभरच्या गोठ्यांतलं दूध जमवून, सफरचंदांचा रस काढायच्या दाबयंत्रात दाबून ते बनवलं होतं. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या माणसाची गाय असेल तर तिचं दूध घ्यायचं नाही, असा दंडक होता म्हणे. हे धूड वॉशिंग्टनला घेऊन आले ते गावचे बाप्टिस्ट पाळक जॉन लेलंड. जेफरसननी भेट फुकट न घेता दोनशे डॉलर मोजले.

खरी गंमत पुढे आहे. जेफरसन हे ख्रिस्ताचे चमत्कार न मानणारे गृहस्थ. पुढे त्यांनी बायबलमधले चमत्कार पात्याने कापून काढले आणि उरलेला उपदेश चिकटवून स्वतःसाठी वेगळं पुस्तक केलं. १८००च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांना नास्तिक ठरवलं होतं. आणि बायबलच्या अक्षराअक्षरावर श्रद्धा असलेला पाळक त्यांना चीज द्यायला पाचशे मैल येतो! का? तर या माणसाने धर्मात सरकारचा हात नको, असं ठामपणे सांगितलं होतं म्हणून. लेलंड यांच्या राज्यात तेव्हा काँग्रिगेशनल चर्चसाठी करवसुली चाले. लेलंड यांचं म्हणणं असं, की श्रद्धा हा माणूस आणि देव यांच्यातला मामला आहे, तिथे तहसीलदाराचं काय काम? हे स्वातंत्र्य ज्यूंना, मुसलमानांना आणि मूर्तिपूजकांनाही हवं, असंही ते म्हणत. चीज आलं त्याच दिवशी जेफरसननी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं. चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची जी गोष्ट अमेरिकेत आजही निघते, ती या पत्रातली.

अमेरिकेतला धार्मिक माणूस म्हणजे शाळेत प्रार्थना हवी, कायद्यात बायबल हवं म्हणणारा, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. ते खोटं नाही. २०२४ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. पण त्याच बायबलमधून दुसरा एक प्रवाह निघालेला आहे. लहान, हट्टी आणि बराच जुना. आज त्याला ख्रिस्ती लिबर्टेरियन म्हणतात. सरकार लहान हवं, कर कमी हवेत, परदेशातली युद्धं नकोत आणि माणसाच्या सद्गुणांवर पोलीस नेमू नयेत, ही त्यांची भूमिका. मला थक्क करतं ते असं, की ही भूमिका श्रद्धा सैल झाल्यामुळे आलेली नाही. श्रद्धा फारच घट्ट असल्यामुळे आलेली आहे.

त्यांचा आवडता उतारा जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. इस्राएली लोक वृद्ध संदेष्ट्या शमुवेलाकडे येऊन म्हणतात, शेजारच्या सगळ्या राष्ट्रांना राजा आहे, आम्हालाही द्या. देव शमुवेलाला सांगतो, त्यांनी तुला नव्हे, मला नाकारलं आहे. पण राजा काय काय करील ते त्यांना आधी सांग. मग यादी येते. तुमचे मुलगे तो रथांपुढे धावायला नेईल, मुलींना स्वयंपाकाला आणि अत्तरं बनवायला नेईल, चांगली शेतं आणि द्राक्षमळे काढून हुजऱ्यांना देईल, धान्याचा आणि कळपांचा दहावा हिस्सा घेईल. शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल, आणि तेव्हा ओरडलात तरी देव ऐकणार नाही. लोक म्हणतात, असू दे, राजा हवाच.

यातल्या दहाव्या हिश्शावर अमेरिकन लिबर्टेरियन बोट ठेवतात. शमुवेलाला दहा टक्के म्हणजे जुलूम वाटला. आज अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३७ टक्के आहे. हा अध्याय राजकारणात गाजवला थॉमस पेनने. १७७६ सालच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेत राजेशाही पाडायला त्याने शमुवेलाला साक्षीला काढलं. पेन स्वतः काही चर्चला मानणारा नव्हता. पण वाचक मानणारे होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याच पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ पुढे पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं.

अर्थात बायबलमध्ये उलटी साक्षही आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो, की अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांच्या अधीन राहा, कर द्या. जून २०१८ मध्ये सीमेवर स्थलांतरितांची मुलं आईबापांपासून तोडली जात होती, तेव्हा अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सरकारच्या बाजूने हाच अध्याय पुढे केला. लिबर्टेरियन ख्रिस्ती यावर सांगतात, की पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, आणि परंपरेप्रमाणे त्याच नीरोच्या राजवटीत पौलाचा शिरच्छेद झाला. तेव्हा सरकार सांगेल ते सगळं बरोबर, असा अर्थ पौलाच्या मनात असेलच कसा? वाद दोन हजार वर्षं चालू आहे. मी त्यात पडत नाही.

या लिबर्टेरियन घराण्याचा मूळपुरुष रॉजर विल्यम्स. १६३१ साली तो बोस्टनला उतरला. प्युरिटन वसाहतीत देवाचे नियम न्यायाधीश राबवत. विल्यम्स म्हणाला, दहा आज्ञांपैकी खून, चोरी, खोटी साक्ष वगैरे माणसामाणसांतल्या आज्ञा सरकारने पाहाव्यात. देव आणि माणूस यांच्यातल्या आज्ञांना हात लावू नये. शिवाय इंग्लंडच्या राजाला इथल्या मूळ रहिवाशांची जमीन दान करण्याचा हक्कच नाही, असंही त्याने सुनावलं. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात तो बर्फातून निघाला, आणि १६३६ साली नॅरागॅन्सेट लोकांनी दिलेल्या जमिनीवर त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. पुढच्या ऱ्होड आयलंडची ही सुरुवात. तिथे कुणावरही धर्माची सक्ती नव्हती. पुढे क्वेकर पंथाचे लोक आले, ज्यू आले. बोस्टनमध्ये मात्र १६६० साली मेरी डायर या क्वेकर बाईला तिच्या श्रद्धेपायी फाशी दिली गेली.

विल्यम्स उदार मनाचा होता, असं समजून आपण सोपं उत्तर काढू पाहतो. तो भलताच कर्मठ होता. ज्यांची श्रद्धा खरी नाही अशांबरोबर प्रार्थनेलाही बसू नये, असं त्याचं मत. आपला खरा पंथ शोधताना तो बाप्टिस्टही काही महिनेच राहिला. पण सक्तीची प्रार्थना हा देवाचा अपमान आहे, हे त्या कर्मठपणातूनच आलं. देवाला ढोंगी भक्त नकोत, आणि सरकारला तयार करता येतात ते फक्त ढोंगी भक्त, हा त्याचा हिशेब. चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधली भिंत त्याने १६४४ साली लिहून ठेवली होती, जेफरसनच्या दीडशे वर्षं आधी. त्याला काळजी बागेची होती.

एकोणिसाव्या शतकात हा हट्ट आणखी पुढे गेला. विल्यम लॉइड गॅरिसन या गुलामगिरीविरोधी संपादकाने ख्रिस्ताच्या शिकवणीवरून सरकारी बळच नाकारलं, आणि गुलामगिरीला अभय देते म्हणून ४ जुलै १८५४ रोजी राज्यघटनेची प्रत भरसभेत जाळली. गॅरिसन आणि त्याचा सहकारी ॲडिन बॅलू यांचं लेखन टॉलस्टॉयच्या हाती गेलं. टॉलस्टॉयने ज्यात त्यांच्याविषयी लिहिलं ते पुस्तक दक्षिण आफ्रिकेत तरुण मोहनदास गांधींनी वाचलं. पुढचं सांगायला नको. टेनेसीत डेव्हिड लिप्सकम या धर्मोपदेशकाने यादवी युद्धात ख्रिस्ती माणसं ख्रिस्ती माणसांना मारताना पाहिली, आणि ख्रिस्ती माणसाने सैन्यात जाऊ नये, पद घेऊ नये, मतही देऊ नये, असा निष्कर्ष काढला.

स्वतःला लिबर्टेरियन न म्हणवणारेही या वाटेवर भेटतात. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या एका शेतकऱ्याने सोशल सिक्युरिटीचा कर द्यायला नकार दिला. म्हाताऱ्यांना सांभाळणं हे आमचं देवाने दिलेलं काम, त्याचा विमा कसला? १९६१ च्या वसंतात कर खात्याने त्याचे नांगराचे तीन घोडे जप्त केले. देशभर बोभाटा झाला आणि १९६५ साली अमेरिकन काँग्रेसने आमिशांना त्या करातून सूट दिली. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक ध्वजाला वंदन करत नाहीत, कारण वंदन देवाला. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुलांविरुद्ध निकाल दिला, १९४३ साली तो स्वतःच फिरवला. याच पंथाच्या केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल १९८५ साली शाळेतून काढलं होतं; १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल देताना या अमेरिकन खटल्याचाही विचार केला होता.

आजच्या राजकारणात हा प्रवाह बारीक आहे. त्याचा सर्वांत ठळक चेहरा रॉन पॉल. टेक्सासचे प्रसूतितज्ज्ञ, बाप्टिस्ट, माजी रिपब्लिकन खासदार. २००२ मध्ये त्यांनी स्वपक्षाविरुद्ध इराक युद्धाच्या ठरावाला विरोध केला. जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत ते म्हणाले, की दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण परराष्ट्रांशी वागावं. उपदेश येशूचा, राज्य चर्चमय, आणि श्रोत्यांनी हुर्यो उडवली! मिशिगनचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती खासदार जस्टिन अमाश यांनी ४ जुलै २०१९ रोजी रिपब्लिकन पक्ष सोडला आणि २०२० साली ते लिबर्टेरियन पक्षाचे काँग्रेसमधले पहिले सदस्य झाले. केंटकीचे मेथडिस्ट खासदार थॉमस मॅसी कोटाला एक इवलासा आकडेफलक लावून फिरतात. त्यावर अमेरिकेचं सरकारी कर्ज वाढताना दिसतं. २०२५ च्या अखेरीस ते ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. जून २०२५ मध्ये इराणवरच्या कारवाईसाठी काँग्रेसची परवानगी लागेल, असा ठराव त्यांनी डेमोक्रॅट रो खन्ना यांच्या साथीने आणला, आणि ट्रम्प यांचा रोष ओढवून घेतला.

गर्भपातावर यांचं आपसात जमत नाही. पोटातला जीव वाचवणं हे सरकारचंच काम, असं बहुतेक म्हणतात. मग सरकार किती लहान, हा प्रश्न घरातच उभा राहतो.

माझी अडचण वेगळी आहे. शमुवेलाची यादी यांना फक्त राजवाड्यात दिसते. गॅरिसनने कितीही घटना जाळल्या तरी गुलाम सुटले ते केंद्र सरकारच्या फौजेने युद्ध जिंकल्यावर. १९५७ साली आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैनिक पाठवावे लागले. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केलं, ते या लढ्याचं मोल ओळखून. गावाची, जातीची, मालकाची सत्ता सरकारपेक्षा कमी जाचक नसते, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. या भाविकांना मात्र समाज मोकळा सोडला की तो आपसूक सज्जन राहील, असा भाबडा विश्वास आहे. माणूस पापी आहे असं मानणाऱ्यांनी तो ठेवावा, याचंच नवल वाटतं.

म्हणून यांच्या हाती अख्खं सरकार द्यावं, असं मला वाटत नाही. पण युद्धाच्या ठरावावर सगळे हात वर जात असताना एक हात खाली ठेवणारा असा माणूस प्रत्येक संसदेत असावा, मग त्याला निवडून देणारे मतदार त्याच्यावर कितीही चिडोत.