ट्रान्सजेंडर समाज आणि आरोग्याची ॲप्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘लिंग’ या रकान्यात पुरुष आणि स्त्री यांच्याखाली ‘इतर’ असा पर्याय दिला, की आरोग्याचं ॲप ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीही तयार झालं, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. शरीर असं एका रकान्यात मावत नाही. ट्रान्स पुरुषाने ‘पुरुष’ निवडलं, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची आठवण ॲप त्याला कधीच करणार नाही. गर्भाशयमुख काढलेलं नसेल, तर ती तपासणी त्यालाही लागते. टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर पाळी बहुधा थांबते, पण ते गर्भनिरोधक नव्हे, हेही त्याला तिथे कळणार नाही. ट्रान्स स्त्रीच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट ग्रंथी सहसा राहतेच. तेव्हा ओळख कोणती आणि अवयव कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न गरज असेल तेव्हाच विचारावा, आणि उत्तर न देण्याची मुभा असावी. तो कोणत्या शब्दांत आला तर माणूस ॲप बंद करून टाकेल, हे अभियंत्याला कसं कळणार? केसपेपरच्या खिडकीवर चारचौघांत असे प्रश्न ज्यांनी झेलले आहेत, त्यांना ते नेमकं ठाऊक असतं.

या समाजाला आरोग्याची माहिती द्यायची म्हणजे एचआयव्हीची माहिती द्यायची, असंही अनेकजण धरून चालतात. त्यामागे कारण आहे. २०१७च्या राष्ट्रीय आकडेवारीत हिजडा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ३.१ टक्के होतं, तर देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ०.२२ टक्के. पण त्याच माणसांना मधुमेह होतो, रक्तदाब होतो, क्षयरोग होतो, झोप लागत नाही. ट्रान्सजेंडर असणं हा मात्र आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली आजारांची वर्गवारी त्याला मनोविकारांत धरत नाही.

तिसरा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो : डॉक्टरांनी तपासलेला मजकूर असला की पुरे. हार्मोन्सचंच बघा. डॉक्टरांची फी परवडत नाही, दवाखान्यात अपमान होतो, म्हणून अनेक ट्रान्स स्त्रिया मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून ‘माला-डी’सारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणतात. जास्त घेतल्या तर बदल लवकर दिसेल, या आशेने दिवसाला अनेक गोळ्या घेणाऱ्याही असतात. या गोळ्यांत एथिनिल एस्ट्राडिओल असतं. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच लिंगओळखीशी जुळणाऱ्या उपचारांत तज्ज्ञ ते टाळायला सांगतात. सिगारेटने हा धोका आणखी वाढतो.

अशा वेळी ॲप काय सांगतं? ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हार्मोन्स घेऊ नका.’ वाक्य बरोबर आहे, पण जी वर्षभर गोळ्या घेते आहे तिच्या ते काहीच कामाचं नाही. मजकूर ठरवायला ती स्वतः बसली असती, तर तिने विचारलं असतं : एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, अचानक धाप लागली, तर त्याच क्षणी कुठे जायचं? तिथल्या डॉक्टरला गोळ्यांचं कसं सांगायचं? आत्ता कोणत्या रक्ततपासण्या करून घ्यायच्या? या प्रश्नांच्या उत्तरांनी जीव वाचतो. ते विचारणारं माणूस खोलीतच नसेल, तर ती उत्तरं लिहिली जात नाहीत.

गुप्तता म्हणजे पासवर्ड, हाही तसाच वरवरचा समज. हिजड्यांच्या डेऱ्यात एक फोन चारजणी वापरत असतील, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या ट्रान्स मुलाचा फोन भाऊ उघडत असेल, तर पडद्यावर आलेली एक सूचना त्याचं घर तोडू शकते. म्हणून ॲपचं नाव आणि चिन्ह साधं हवं, सूचनेत काहीही उघड होता कामा नये, नोंदी एका झटक्यात पुसता आल्या पाहिजेत, आधारवरचं जुनं नाव मागू नये. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी मजकूर ऐकता आला पाहिजे.

शेवटी एक बैठक घेतली, चहा-नाश्ता दिला, की समाजाचा सहभाग झाला, असं होत नाही. शिवाय डेऱ्याच्या एका गुरूला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडचे जोगते, पुण्यात शिकणारा ट्रान्स पुरुष, मुंबईत बधाईवर जगणारी हिजडा यांच्या गरजा वेगळ्या आहेत. या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून, कामाचा मोबदला देऊन आणि निर्णय बदलण्याच्या अधिकारासह बसवावं लागतं.

आणि ॲप सुरू झालं की काम संपलं, हा समज तर २०२५ने खोटा ठरवला. हैदराबादमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी २०२१ साली सुरू झालेलं ‘मित्र क्लिनिक’ बहुतांशी ट्रान्स कर्मचारीच चालवत होते. पुढे कल्याण आणि पुण्यातही अशी केंद्रं उघडली. अमेरिकेची मदत थांबली आणि जानेवारी २०२५मध्ये तिन्ही बंद झाली. असा बदल झाला की ॲपमधली दवाखान्यांची यादी त्याच आठवड्यात दुरुस्त व्हायला हवी. नाहीतर कुणीतरी उसने पैसे घेऊन कुलूप लावलेल्या दारापर्यंत जातं. कोणता दवाखाना उघडा आहे, कुठे नीट वागवतात, हे समाजातल्या माणसांना आधी कळतं. त्यांना यादी सांभाळण्याचं पगारी काम द्यावं, आणि त्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी करावी.