मागून उजेड, पुढे हिरो!

फिल्मी खजिना कपाटात कोंडायचा नाही आणि उजेडात जाळायचाही नाही. मग करायचं काय? एक वीकेंड काढा आणि थोडा जुगाड करा!

सिनेमावेड्या माणसाचं घर लगेच ओळखू येतं. टीव्हीवर डार्थ व्हेडर उभा असतो, दाराआड ‘शोले’चं पोस्टर असतं आणि ड्रॉवरमध्ये फाडलेल्या तिकिटांचा गठ्ठा. सगळं असतं, पण नीट दिसत काहीच नाही. तुमचंही सेम टू सेम? मग वाचाच.

माझा खजिना वारशाने आलेला आहे. माझा मामा एका सिंगल स्क्रीन थिएटरमध्ये बुकिंग क्लार्क होता. थिएटर बंद पडलं तेव्हा तो पत्र्याची एक ट्रंक घरी घेऊन आला. आत लॉबी कार्ड्स, गाण्यांच्या चोपड्या आणि ३५ एमएम फिल्मचे तुकडे. मामा गेल्यावर मामीने ती माझ्याकडे सोपवली. म्हणाली, “तुला वेड आहे ना, आता तूच सांभाळ.” थिएटरच्या शोकेससारखा मागून उजळणारा बॉक्स करायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

उजेड कागद खातो!

पण ‘सांभाळ’ या शब्दातच खरी मेख आहे. उजेडाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. नुकसान रोज थोडं थोडं साठत जातं. म्हणूनच म्युझियममध्ये नाजूक कागदावर साधारण ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात. ऑफिसच्या टेबलासाठी मात्र ३०० ते ५०० लक्स धरतात. ‘एलईडी आहे, मग टेन्शन नाही’ हे अर्धसत्य आहे. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात आणि उष्णता कमी असते हे खरं, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच.

म्हणून आपला फंडा सिंपल: कॉपी उजेडात, ओरिजिनल अंधारात.

लॉबी कार्ड्स ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि फ्लेक्सवाल्याकडून ‘बॅकलिट फिल्म’वर प्रिंट काढून घ्या. साध्या कागदाच्या मागे दिवा लावला की चित्र फिकट दिसतं. हॉलिवूडची अनेक पोस्टर्स याच कारणासाठी दोन्ही बाजूंनी छापतात. मागच्या बाजूला तेच चित्र उलटं असतं, त्यामुळे लाइटबॉक्समध्ये रंग गडद दिसतात.

बॉक्स असा बनतो

दोन फूट बाय दीड फूट, चार इंच खोल असा एमडीएफचा बॉक्स घ्या. आतून पांढरा रंग द्या. मागच्या फळीवर १२ व्होल्टची एलईडी पट्टी तीन तीन इंचांवर सहा ओळींत चिकटवा. साधारण साडेतीन मीटर पट्टी लागते. मीटरला ४.८ वॅटवाली पट्टी असेल तर एकूण १७ वॅट. म्हणजे २ अँपिअरचा, २४ वॅटचा अडॅप्टर आरामात पुरतो. पट्टी फक्त खुणेच्या रेषेवरच कापा. पुढे ३ एमएमची दुधी अ‍ॅक्रिलिक शीट लावा. पट्टी आणि शीटमध्ये तीन इंच अंतर ठेवलं की दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत. मागे हवेसाठी भोकं पाडा. जुन्या सिनेमांना वॉर्म व्हाइट आणि साय-फायला कूल व्हाइट मस्त दिसतो. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की इलेक्ट्रिकचं सगळं सामान मिळतं.

अ‍ॅक्शन फिगर असतील तर त्या शीटच्या पुढे छोट्या फळीवर उभ्या करा. कडा अशा उजळतात की व्हेडर सॉलिड दिसतो!

फिल्मचे तुकडे मात्र मुळात उजेडासाठीच जन्मलेले. पडद्यावर एका फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा चोविसावा भाग येतो, तुमच्या भिंतीवर तीच फ्रेम निवांत बघता येते. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती भडकन पेटते. शंका असेल तर ती बॉक्सजवळसुद्धा नको. जुन्या रंगीत फिल्म बहुतेक वेळा लालसर झालेल्या असतात, त्यांनाही तासन्‌तास उजेड नको.

ओरिजिनलचं काय?

लॅमिनेशन अजिबात नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. बॉक्सला डिमर आणि टायमर लावा; पाहुणे गेले की दिवा बंद.

मामी घरी आली तेव्हा तिने बॉक्सचं कौतुक केलं आणि मग ट्रंक उघडायला लावली. एका कार्डाच्या पाठीवर मामाच्या अक्षरात शोच्या वेळा आहेत: ३, ६, ९. ती पाठ बॉक्समध्ये कधीच दिसणार नाही. तुमच्या खजिन्यातही अशी एखादी गोष्ट असेलच. या वीकेंडला स्कॅनिंग सुरू करण्याआधी प्रत्येक कार्ड एकदा उलटून बघा.