नोंद घटना घडली तिथेच: जन्म-मृत्यूचे दाखले आणि दुरुस्ती

आज आपण जन्म-मृत्यूच्या नोंदीबद्दल बोलू, आणि सुरुवात उसाच्या फडापासून करू.

दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापुरातल्या कारखान्यांकडे बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात कोपीवरच बाळ जन्मलं. घरचे म्हणतात, गावी गेल्यावर नोंद करू. इथंच चुकतं. 1969 च्या कायद्यानुसार घटना जिथं घडली तिथंच नोंद होते. म्हणजे त्याच गावच्या ग्रामपंचायतीत. इंदापूरचा पेशंट पुणे शहरातल्या दवाखान्यात वारला, तर दाखलाही पुणे महापालिकेचाच. दवाखान्यातल्या घटनेची खबर दवाखाना देतो, घरातली कुटुंबप्रमुखानं द्यायची.

मुदत 21 दिवस. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. पुढे वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे हंगाम संपून माघारी गेलेल्या कुटुंबाला पुन्हा इकडं खेटे घालायचे, रोज बुडवून.

बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते. नाव बारा महिन्यांत फुकट आणि पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं.

आता दुरुस्ती. रजिस्टरमधली मूळ नोंद कधी खोडत नाहीत. निबंधक समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकतो. लिहिताना झालेली चूक असेल तर काम सोपं. पण तारीख किंवा आईवडिलांचं नावच चुकीचं आहे असं म्हणणं असेल, तर खरी माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. आधार बदलून आणलं म्हणून जन्माची नोंद आपोआप बदलत नाही.

हे एवढं का सांगतोय? 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. मृत्यूदाखला नसेल तर सातबाऱ्यावरची वारसनोंद अडते.

तेव्हा दाखला हातात आला की तिथंच उभं राहून प्रत्येक अक्षर वाचा. आणि आपल्या शिवारात कोपी पडली असेल, तर त्या माणसांना ग्रामपंचायत दाखवा. 21 दिवस फार नसतात.