खेड्यातलं मूल आणि बुद्धीचे गुण

“शहरातली मुलं हुशार, आपली जरा मंदच,” असं कुणी म्हटलं की आईच्या काळजाला लागतं. त्यातच बुद्धिमापन चाचणीत गावातल्या मुलांना कमी गुण पडले, की ते खरंच वाटू लागतं. म्हणून हे गुण नेमकं काय मोजतात, ते आज पाहू या.

अशी पहिली चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी तयार केली. शाळेत कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते ओळखायचं, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. परक्या मुलांचे प्रश्न नुसते भाषांतर करून चालत नाहीत. हीच गोष्ट शहर आणि खेडं यांनाही लागू पडते.

एक उदाहरण मोठ्या माणसांचं आहे. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळं काय, असं त्यांनी विचारलं. अपेक्षित उत्तर होतं ओंडका, कारण बाकीची अवजारं आहेत. न शिकलेले शेतकरी म्हणाले, ओंडका हवाच, नाहीतर करवतीने कापायचं काय? थोडंफार शिकलेले मात्र अपेक्षित उत्तर देत. म्हणजे असे प्रश्न सोडवण्याची रीत बरीचशी शाळेत अंगवळणी पडते.

पण सगळा दोष चाचणीवर ढकलूनही चालणार नाही. गरोदरपणी आणि बाळपणी आयोडीन, लोह कमी पडलं, तर मेंदूच्या वाढीवर खरोखरच परिणाम होतो.

आणि हे बदलता येतं. केनियातल्या एम्बू भागात १९८४ आणि १९९८ साली खेड्यातल्या लहान मुलांच्या चाचण्या घेतल्या. चौदा वर्षांत गुण चांगलेच वाढले होते. एवढ्या काळात माणसाचं रक्त बदलत नाही. आईवडिलांचं शिक्षण, लहान कुटुंब आणि सुधारलेला आहार ही कारणं असावीत, असं संशोधकांनी मांडलं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा. मुलांना पालेभाज्या, कडधान्यं द्या. कोडी घाला, चित्रं काढू द्या, “असं का?” विचारलं तर गप्प बसवू नका. कमी गुण आले तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चाचणी मुलाच्या बोलीत झाली का, असे प्रश्न त्याने पूर्वी पाहिले होते का, हे गुरुजींना विचारा. आणि त्याच्या देखत “मंद” हा शब्द कुणालाही बोलू देऊ नका.